साबणाची साक्ष

शनिवार, दि. १ नोव्हेंबर २०२५

जुनी वही दिवाळीत संपली. आज नवी आरंभली. वारा मतलई, आकाश निरभ्र.

मी येसाजी गोविंद थळे, वय सत्त्याहत्तर. रेवसहून भाऊच्या धक्क्यास जाणाऱ्या प्रवासी लाँचवर अडतीस वर्षे इंजिन ड्रायव्हर होतो. सारंग वर सुकाणू धरतो आणि ड्रायव्हर खाली इंजिनपाशी असतो, हे हल्लीच्या लोकांस सांगावे लागते. माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले. परंतु लाँचच्या नोंदवहीत माझ्या हातची एकही अशुद्ध ओळ सापडणार नाही. त्या वहीचे नियम मी या वहीस लावले आहेत. जे पाहिले व ऐकले तेच लिहावे. चूक झाल्यास खोडू नये, कागद फाडू नये. चुकीवर एकच आडवी रेघ मारावी, म्हणजे चूकही वाचता येते, आणि शेजारी खरे लिहून सही करावी. गेल्या अकरा वह्यांत मला अशी रेघ मारावी लागलेली नाही.

यंदाचाही कार्तिक मोठा शांत आहे. रातकिडे आलेले नाहीत. चिमण्या कुंपणावर येतात आणि मुकाट बसून जातात. पहाटे धुके भातखाचरांवरून समुद्राकडे सरकते, तेव्हा जगास कोणी सायलेन्सर बसविला असावा असे वाटते. उतारवयात मनुष्यास याहून अधिक काय हवे?

सौ. आवडाबाईंस काही सांगावयाचे असल्यास त्या अलीकडे समोर येऊन उभ्या राहतात आणि मगच बोलतात. पूर्वी स्वयंपाकघरातून ओरडत असत. पन्नास वर्षांच्या संसारानंतर त्यांस शिष्टाचार सुचला, याची नोंद करतो.

सोमवार, दि. ३ नोव्हेंबर

माझी नात क्रांती हिचे रेवदंडा रस्त्यावर गॅरेज आहे. तिने मोटार इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केला, परंतु पाटीवर माझे नाव घातले: 'येसाजी मोटर वर्क्स'. मी रोज नऊ ते पाच तेथे स्टुलावर बसतो. क्रांती संगणक जोडून यंत्रास विचारते. मी कान लावून विचारतो. दोघांची उत्तरे जुळली की गाडी सुटते, अशी आमची पद्धत आहे.

आज रुचिका मॅडम गाडी घेऊन आल्या. त्या दातांच्या डॉक्टर असून त्यांचा मुंबईस दवाखाना व नागावास समुद्रालगत बंगला आहे. सुट्टीस त्या रो-रो बोटीतून गाडीसह येतात. गाडी दोन दारांची, गर्द निळी, शर्यतीच्या घाटाची आणि जमिनीस इतकी लगटून की तीत बसावयाचे म्हणजे पाटावर जेवावयास बसल्यासारखे.

"क्रांती, दमच नाहीये गं हिच्यात," त्या म्हणाल्या. "मांडव्याहून येताना एका टेम्पोने मला मागे टाकलं. मासळीचा टेम्पो! ड्रायव्हरने वर हात पण केला."

"बर्फ वितळत असेल मॅडम. त्याला घाई असणार."

"हस तू. आमच्या बंगल्यांच्या लेनमधले सगळे म्हणतायत, ही गाडी गावातल्या मुलीच्या हातात कशाला, सरळ मुंबईला पाठव. मी म्हटलं, आधी क्रांती. वीस तारखेपर्यंत बघ. नाही जमलं तर ट्रेलर मागवते."

त्या गेल्यावर क्रांती माझ्या समोर येऊन उभी राहिली. "आजोबा, त्या लेनमध्ये अशा सात गाड्या आहेत. ही जमली तर सातही आपल्याकडे येतील. ही ट्रेलरवर चढली, तर मी जन्मभर स्कूटरचे ब्रेक आवळत बसणार."

मी म्हणालो, "पाटीवर माझे नाव आहे. चढणार नाही."

बुधवार, दि. ५ नोव्हेंबर. त्रिपुरी पौर्णिमा

क्रांतीने समजाविले ते माझ्या शब्दांत लिहितो. इंजिनाचा धूर बाहेर पडताना एक चक्र फिरवितो. त्याच दांड्यावर दुसरे चक्र असते. ते बाहेरची हवा ओढून, दाबून, रबरी नळ्यांतून इंजिनात लोटते. लोहाराचा भाता समजावा. फरक इतकाच की येथे भट्टीचा धूरच भाता ओढतो. यास टर्बो म्हणतात. या गाडीत हवेचा दाब एक पूर्णांक एक दशांश बार हवा, तेथे सहा दशांशच भरतो. भात्यात हवा कमी, म्हणून गाडीत दम कमी.

हवेची जाळी स्वच्छ निघाली. जादा दाब सोडणारी झडप क्रांतीने हातपंपाने तपासली, तीही ठीक. राहिली दोन कारणे. टर्बोचा दांडा झिजला असावा, अथवा नळ्यांतून कोठे हवा गळत असावी.

दाब चालत्या गाडीतच भरतो, म्हणून तिने मला शेजारी बसवून गाडी काशीदपर्यंत नेली. पायांपाशी तिने दाबाचे घड्याळ लोंबकळत ठेवले होते. रेवदंड्याचा पूल ओलांडताना खाडी भरलेली होती. पाणी, आकाश आणि होड्या सर्व एकाच रंगाचे झाले होते. काचा बंद होत्या. गाडी धावत आहे असे मुळीच वाटेना. रस्ताच आमच्याखालून कोणी हलक्या हाताने ओढून घेत आहे असे वाटे. कोर्लईचा डोंगर आला तसा गेला. काशीदच्या सुरूच्या बनात उन्हाचे पट्टे अंगावरून सरकत होते. मी आयुष्यभर इंजिनच्या खोलीत, पाण्याच्या पातळीखाली प्रवास केला. किनारा चालताना कसा दिसतो हे मला सत्त्याहत्तराव्या वर्षी कळले.

"आजोबा, काटा बघताय ना?"

मी काटा पाहिलेला नव्हता. पुन्हा पाहिला. सहा दशांश.

शनिवार, दि. ८ नोव्हेंबर

रुचिका मॅडम गॅरेजवर आल्या होत्या. क्रांतीने पाइपाचे एक बूच तयार केले आहे; त्यात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसविला आहे. टर्बोच्या तोंडास ते लावून नळ्यांत कंप्रेसरने हवा भरावी, म्हणजे गळती असल्यास सापडते, असे ती म्हणाली.

"पाच मिनिटांचं काम आहे, आजोबा."

"माझे कान असताना?" मी विचारले. मॅडम हसल्या.

मी लांब पेचकस घेतला. टोक यंत्रावर आणि मूठ कानामागच्या हाडावर, ही माझी लाँचवरची रीत. क्रांतीने इंजिन सुरू करून वेग चढविला. टर्बोच्या पोटात घरघर स्पष्ट होती. मग एकेक नळी ऐकली. सर्व नळ्या मुक्या.

"दांडा हातानं हलवून पाहिला मी," क्रांती म्हणाली. "खेळ मापात आहे त्याचा."

"मापात असेल. घरघर मापात नाही. गळती नाही. टर्बो गेला आहे. हा माझा शब्द."

क्रांतीने हातातले बूच एकदा फिरवून पाहिले. परक्यासमोर वडीलधाऱ्यांचा शब्द खाली पडू द्यावयाचा नाही, हे आमच्या घरचे वळण तिच्यात पुरते उतरले आहे. ती मॅडमकडे वळली. "टर्बो मागवते. एकोणीसला येईल, वीसला गाडी घेऊन जा."

बूच तिने फळीवर ठेवून दिले.

सोमवार, दि. १० नोव्हेंबर

आज भात करपला. मी कुकरशेजारीच वाचत बसलो होतो. शिट्टी वाजली नाही. नवी आणावी लागेल.

"शिटी चांगली हाय," सौ. आवडाबाई समोर येऊन म्हणाल्या. "तुमाला बाईमानसाचं आयकू येत न्हाय, कुकरचं आयकू येत न्हाय. इंजिनाचं तेवडं येतंय."

ही स्तुती समजून मी मान हलविली.

दुपारी डोळा लागला. स्वप्नात लाँच धक्क्यास लागत होती. इंजिनच्या खोलीत वरून हुकूम यावयाचा तो घंटेने. सारंग दोरी ओढतो. एक टोल पुढे, दोन थांब, तीन मागे. स्वप्नात दोरी हलत होती, घंटाही हलत होती. खोली कापसाने भरल्यासारखी मऊ होती. मी हात लिव्हरवर ठेवून टोलाची वाट पाहत होतो, आणि धक्का जवळ येत होता. भय मात्र वाटले नाही. जागा झालो तेव्हा उशीवर ऊन होते.

शुक्रवार, दि. १४ नोव्हेंबर

सौ. आवडाबाईंनी नव्या हिरव्या बांगड्या भरल्या. वाजत नाहीत. बहुधा प्लॅस्टिकच्या असाव्यात. विचारले नाही, त्यांच्या काटकसरीचा अपमान होऊ नये.

मंगळवार, दि. १८ नोव्हेंबर

उद्या टर्बो येणार. दि. ८ ची नोंद सही करून पुरी करावी म्हणून वही उघडली आणि हात थांबला.

लाँचचे मोठे इंजिन बाटल्यांत दाबून भरलेल्या हवेने सुरू होत असे. बाटलीतून हवा गळली तर भर समुद्रात इंजिन सुरू होणार नाही, म्हणून दर सोमवारी गळती तपासावयाची. माझे पहिले सारंग तुकाराम यांनी नियम घालून दिला होता. मी तरुण होतो, कानांचा मला गर्व होता. ते म्हणाले, "येसाजी, कान तुजा हाय, तो तुज्याच बाजूनं बोलनार. साबन कुनाचा न्हाय." त्या दिवसापासून गळतीच्या नोंदीपुढे दोन खुणा लागत: 'ऐकले' आणि 'साबण लावला'.

दि. ८ च्या नोंदीपुढे एकच खूण आहे. एका खुणेवर मी अडतीस वर्षांत सही केलेली नाही.

गळती नाही याविषयी मला संशय नाही. प्रश्न केवळ रीतीचा आहे.

रात्री जेवताना ही रीत क्रांतीस सांगितली. तिने ऐकून घेतले आणि ताक वाढले.

बुधवार, दि. १९ नोव्हेंबर

क्रांती साडेदहास मांडवा जेटीवर टर्बो आणावयास गेली. दुकानाचा माणूस खोके गॅरेजपर्यंत पोहोचविणार होता, तरी ती स्वतः गेली. जाताना ते बूच माझ्या स्टुलावर विसरली. शेजारी साबणाच्या पाण्याचा डबा आणि कुंचलाही होता. ती सहसा वस्तू विसरत नाही.

मी बूच टर्बोच्या तोंडास आवळले, कंप्रेसरची नळी व्हॉल्व्हवर लावली आणि हवा हलक्या दाबाने सोडली. साबण घोटून फेस केला. वरच्या नळ्यांवर कुंचला फिरविला. फेस जसाच्या तसा राहिला. कानांचे समाधान झाले. मग गाडीखाली पाठीवर सरकलो आणि रीत पुरी करावयाची म्हणून खालच्या नळीवर, जेथे ती पट्टीने आवळलेली असते तेथे, फेस लावला.

एक बुडबुडा आला.

प्रथम मोहरीएवढा होता. मग वाटाण्याएवढा, मग सुपारीएवढा. तो सावकाश फुगत होता. त्यात दाराबाहेरचे माड उलटे उभे होते, रस्ता होता, रस्त्यावरून गेलेली एक सायकल होती आणि एका बाजूस माझे नाक होते. जांभळा, मग पिवळा, मग हिरवा रंग त्यावरून वाहत गेला. तो फुटला आणि त्याच जागी दुसरा उगवला. इतकी सुंदर वस्तू मी इंजिनात कधी पाहिली नव्हती.

एवढी हवा जेथून सुटते तेथे फुसफुस असतेच. फणा काढलेल्या नागासारखी. अडतीस वर्षांत मी ती शेकडो वेळा ऐकली आहे. मी कान जवळ नेला. आणखी जवळ नेला, साबण गालास लागेपर्यंत. कंप्रेसरचा धडधडाट ऐकू येत होता. दुसरे काही नाही. ओले बोट धरले. बोटास वारा लागला. गार होता.

मी तसाच पाठीवर पडून राहिलो. किती वेळ, याची नोंद नाही. बुडबुडे येत होते, फुटत होते. फार शांत होते. गेली दोन-तीन वर्षे ज्या शांततेचे मी कौतुक करीत आलो, तीच ही शांतता होती.

नंतर मनात आले ते लिहितो, कारण या वहीत लपविण्याची रीत नाही. ती पट्टी खाऱ्या हवेने गंजून तिची कड नळीत रुतली होती. चीर बोटभर होती. गॅरेजात जुन्या नळीचे तुकडे असतात. मी अर्ध्या तासात चीर बुजवू शकलो असतो. वरून नवा टर्बो बसला असता, काटा जागेवर आला असता, आणि यश टर्बोस व माझ्या कानांस मिळाले असते. कोणास कळले नसते. हात तुकड्यांच्या डब्यापर्यंत गेला होता, हे खरे आहे.

नवा टर्बो कोणाच्या चुकीवर बसणार होता? बसविणारे हात क्रांतीचे असते. मी हात मागे घेतला. कंप्रेसर चालू ठेवला आणि स्टुलावर जाऊन बसलो.

पाऊण वाजता क्रांती खोके घेऊन आली. मी तिला काही सांगितले नाही. केवळ तिच्याकडे पाहत राहिलो. ती दाराच्या उंबऱ्यावर होती, गाडीपासून दहा-बारा पावलांवर. तेथेच तिची मान वळली. नेमकी गाडीच्या पुढच्या, खालच्या अंगास. डोळ्यांपूर्वी मान वळली.

मग मला दुसऱ्या साक्षीची गरज उरली नाही.

तिने खोके खाली ठेवले. गाडीखाली वाकून पाहिले. माझ्यासमोर येऊन उकिडवी बसली.

"आजोबा, कधीपासून?"

"अकरा वाजता हवा सोडली."

"हवेचं नाही विचारत मी."

मी म्हणालो, "ठाऊक नाही. नोंद नाही."

तिने माझ्या गालावरचा साबण तिच्या ओढणीने पुसला. हातास ग्रीस होते. गाल आणखी काळा झाला. "गळती सापडली ना," ती म्हणाली. "कुणी शोधली?"

"साबणाने."

"साबणाला हात नसतात."

मग आम्ही कंप्रेसर बंद केला. तो बंद झाल्यावर काय राहिले ते मला सांगता येणार नाही.

गुरुवार, दि. २० नोव्हेंबर

नवी नळी आणि पट्टी सकाळच्या पहिल्या बोटीने आली. क्रांतीने बारापर्यंत बसविली. टर्बोचे खोके न उघडता परत गेले. काशीदपर्यंत जाण्याची गरज पडली नाही. चौलच्या चढावरच काटा एक पूर्णांक एक दशांशावर जाऊन उभा राहिला. मी या वेळी काट्याकडेच पाहत होतो.

तीन वाजता रुचिका मॅडम आल्या. क्रांती सांगू लागली, "मॅडम, टर्बो बदलावा लागला नाही, आम्ही पुन्हा एकदा तपासलं, तर..." मी उठून उभा राहिलो. पाटीवर माझे नाव आहे.

"मॅडम, दि. ८ रोजी गळती नाही असा शब्द मी दिला होता. तो चुकीचा होता. क्रांतीने हवा भरून पाहावयास सांगितले, ते मी होऊ दिले नाही. तिचा संशय बरोबर होता. मला तो आवाज ऐकू येत नाही."

हे बोलावयास मी रात्रभर वाक्ये जुळविली होती. बोलावयास अर्धे मिनिट लागले.

मॅडम माझ्या समोर आल्या आणि सावकाश म्हणाल्या, "काका, माझ्याकडे तीस वर्षं पेशंट येतायत. माझं चुकलं असं मी एकाला तरी सांगितलंय का, आठवत नाही." त्यांनी क्रांतीकडून चावी घेतली. "उद्या लेनमधल्या दोघांना पाठवते. आता तो मासळीचा टेम्पो कुठे भेटतो ते बघू दे मला."

गाडी रस्त्यास लागली आणि वळणावर दिसेनाशी झाली. तिचा खर्ज मला बराच वेळ ऐकू आला. खर्ज ऐकू येतो.

क्रांती म्हणाली, "उद्यापासून कान माझे, साबण तुमचा. आणि सोमवारी अलिबागला कानांच्या डॉक्टरांकडे. आजीनं नंबर लावलाय."

"केव्हा लावला?"

"दिवाळीच्या आधीच. दर आठवड्याला पुढे ढकलत तुम्ही कधी हो म्हणताय याची वाट बघत होती."

शनिवार, दि. २२ नोव्हेंबर

आकाश निरभ्र. वारा पडलेला.

आज सकाळी पट्टी घेऊन बसलो आणि वहीत दुरुस्त्या केल्या. सौ. आवडाबाईंस साक्षीदार म्हणून समोर बसविले. "लिवा काय लिवायचं ते, माजा भात गॅसवर हाय," त्या म्हणाल्या, परंतु बसल्या.

दि. १: 'रातकिडे आलेले नाहीत' यावर रेघ मारली. आलेले आहेत. साक्षीदार म्हणतात, कानठळ्या बसतात. सही.

दि. १: चिमण्यांच्या 'मुकाट बसून जातात' यावर रेघ मारली. साक्षीदार म्हणतात, "त्या कवा गप बसल्यान?" सही.

दि. ८: 'सर्व नळ्या मुक्या' यावर रेघ मारली. खालची नळी बोलत होती. सही.

दि. १०: 'शिट्टी वाजली नाही' यावर रेघ मारली. वाजली. चार वेळा. सही.

दि. १ ची आणखी एक नोंद आहे, सौ. आवडाबाईंच्या शिष्टाचाराची. त्यावर रेघ मारली. शेजारी खरा शब्द लिहावयाचा होता. बराच वेळ लेखणी धरून बसलो. साक्षीदार माझ्याकडे पाहत होत्या. शब्द सापडला नाही. सही केली आणि जागा कोरी ठेवली.

दि. १४: 'प्लॅस्टिकच्या असाव्यात' यावर रेघ मारली. मी विचारले नव्हते, ते आज विचारले. माझी बोटे धरून त्यांनी आपल्या मनगटावर ठेवली आणि हात हलविला.

काचेच्या आहेत. वाजतात.

ये. गो. थळे